झाकली मूठ आणि उघडलेले इंजिन

खर्चाविषयी शहाणपण शिकविणाऱ्या म्हणींची आपल्या मराठीत वाण नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे आपण मुलांना लहानपणापासून ऐकवितो. 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' असे म्हणून शेजाऱ्याच्या उधळेपणाला हसतो. आणि स्वतःच्या घरचा हिशेब मांडण्याची वेळ आली म्हणजे 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे म्हणून तो मांडण्याचेच टाळतो. या तिन्ही म्हणी एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडी, गुण्यागोविंदाने नांदत असतात. त्यांच्यात तंटा उभा राहतो तो अशा प्रसंगी, की जेथे अंथरूण किती लांब आहे हेच आधी कळत नाही. असा एक प्रसंग आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय थोडा अनपेक्षित वाटेल. एका जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन नव्याने बांधून घेण्याचा बेत आणि त्याचे अंदाजपत्रक, हा तो विषय होय.

आमच्या उमरेडात इंजिनांना तोटा नाही. कोळशाच्या उघड्या खाणींतून डंपर धावतात, शेतांतून ट्रॅक्टर चालतात. त्या इंजिनांविषयी कोणी हळवेपणाने बोलत नाही. इतके तास चालले की उघडावयाचे, अमुक खर्चात बसत असेल तर बांधावयाचे, त्याहून अधिक येत असेल तर मोडीत काढावयाचे, असा तेथे रोकडा न्याय असतो. कारण ते इंजिन कोळसा वाहून किंवा जमीन नांगरून आपला खर्च परत देत असते. जुनी स्पोर्ट्स कार असे काहीच परत देत नाही. तिच्यावर घातलेला पैसा हौसेचा असतो, आठवणीचा असतो. आणि म्हणूनच नीतीचा प्रश्न तेथे अधिक स्वच्छ दिसतो. जो खर्च पैशाच्या रूपाने परत येणार नाही, त्याचा अंदाज प्रामाणिकपणे कसा बांधावा? बांधल्यावर तो कोणाकोणाला दाखवावा? आणि कोठे थांबावे?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकविताना 'कासुस' नावाची एक जुनी पद्धत वापरीत. कासुस म्हणजे प्रसंग. एखादी कल्पित पण घडण्याजोगी गोष्ट मांडावयाची आणि त्यात कोणाचे कर्तव्य काय, हे विद्यार्थ्यांनी शोधावयाचे. आपणही तसेच करू.

समजा, नागपुरात एक कुटुंब आहे. वडील निवर्तले. त्यांच्या मागे इतर मालमत्तेबरोबर एक १९४८ सालची एमजी टीसी मोटार राहिली. दोन आसनांची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची. वारस तिघे: थोरला भाऊ, बहीण आणि धाकटा भाऊ. गाडी सुरू होते. परंतु निळा धूर सोडते, तेल खाते, आणि इंजिन तापले की तेलाच्या दाबाचा काटा खाली येतो. थोरल्याची इच्छा अशी, की बाबांच्या पहिल्या स्मरणदिनी ही गाडी पूर्वीसारखी रस्त्यावर यावी. धाकट्याच्या मुलीचा महाविद्यालयातील प्रवेश तोंडावर आलेला आहे. बहीण म्हणते, "दादा, विकून टाकू आणि वाटून घेऊ. बाबा काही त्या गाडीत राहत नव्हते." बाबांनी बँकेत ठेवलेली थोडी रक्कम तिघांची सामाईक आहे. थोरल्याला इंजिनाचा खर्च त्यातून करावयाचा आहे. कोणाचे बरोबर?

उत्तराकडे वळण्यापूर्वी त्या गाडीची थोडी ओळख करून घेणे अवश्य आहे; कारण वस्तूचे ज्ञान नसता तिच्याविषयी दिलेला नैतिक सल्ला पोकळ ठरतो. एमजी टीसी ही इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात तयार झाली. एकूण सुमारे दहा हजार गाड्या बनल्या. आज आपल्या रस्त्यांवर त्याच नावाच्या नव्या मोटारी दिसतात, पण त्यांची मालकी आणि घडण अगदी निराळी आहे. टीसीचे इंजिन चार सिलिंडरचे, १२५० सीसीचे. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६६.५ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ९० मिलिमीटर. शक्ती सुमारे ५४ अश्वशक्ती. आजच्या मानाने हे काहीच नव्हे. परंतु हलक्या अंगाच्या त्या गाडीला तेवढे पुरत असे.

या इंजिनाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. इंग्रजांनी बनविलेले असूनही त्याच्या बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे आहेत, आणि त्याच बोल्टांची डोकी मात्र इंग्रजी व्हिटवर्थ पान्याची. हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना मॉरिस यांनी १९२३ साली विकत घेतला. तेथील यंत्रे फ्रेंच मापाची होती, आणि त्या मापांचा वारसा पुढे या इंजिनापर्यंत आला. परिणाम असा, की बाजारातून आणलेला कोणताही बोल्ट त्यात सहजी बसत नाही. कुर्ल्याला बनलेल्या फियाटचे, म्हणजे पुढच्या पद्मिनीचे, १०८९ सीसीचे इंजिन मुंबईतील गल्लीगल्लीतला मिस्त्री डोळे मिटून बांधीत असे, कारण तशा हजारो गाड्या रस्त्यावर होत्या. ती पद्मिनी टॅक्सीदेखील ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. सामान्य गाडीची ही कथा, तर दुर्मीळ गाडीच्या मागे केवढा शोध आणि केवढी वाट पाहणे लागेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

आता मिस्त्रीकडे जाऊ. थोरला भाऊ विचारतो, "किती लागतील?" मिस्त्री म्हणतो, "भाऊ, उघडल्याशिवाय सांगता येत नाही." पुष्कळांना हे उत्तर पळवाटेचे वाटते. वस्तुतः ते त्या संवादातील सर्वांत प्रामाणिक वाक्य असू शकते. परंतु ते संपूर्ण सत्यही नाही, कारण न उघडताही बरेच कळते. धुराचा रंग बोलतो: निळा असेल तर तेल जळते आहे, काळा असेल तर पेट्रोल अधिक जाते आहे, पांढरा धूर सतत येत असेल तर पाणी आत शिरते आहे. स्पार्क प्लगच्या छिद्रातून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजता येतो. दाब कमी आला तर त्याच छिद्रातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांकडे किंवा सिलिंडरच्या झिजेकडे, न वाढला तर बहुधा वाल्व्हकडे. या तपासणीस खर्च फारसा येत नाही. ती न करता 'फुल इंजिन' काढावयास सांगणारा मालक आणि ती न करता ठोक आकडा सांगणारा मिस्त्री, दोघेही अंधारात हात घालीत असतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञता या सद्गुणाची अंगे सांगितली आहेत. त्यांत पूर्वानुभवाची आठवण आहे, पुढचे पाहणे आहे, सभोवारची परिस्थिती पाहणे आहे, सावधपणा आहे. आणि एक अंग असे आहे, की ज्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ते म्हणजे दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी. ज्ञानी माणसालाही सर्व गोष्टी स्वतःच्या बुद्धीने कळत नाहीत; ज्याने ते काम केले आहे त्याचे ऐकावे लागते. लेथवर तीस वर्षे उभा राहिलेला कारागीर मायक्रोमीटर हाती घेऊन जेव्हा म्हणतो, "सिलिंडर गोल राहिला नाही, अंडाकृती झाला आहे," तेव्हा पदवीधर मालकाने गप्प राहून ऐकणे ही विद्येचीच एक पायरी होय.

अंदाजपत्रकाचे तीन रकाने करावेत, असे आम्हाला वाटते. पहिल्या रकान्यात निश्चित खर्च: इंजिन उतरविणे, उघडणे, धुणे, मोजणे, पुन्हा बांधणे, गॅस्केटे, तेल, रिंगा. दुसऱ्या रकान्यात संभाव्य खर्च: सिलिंडर मोठ्या मापाला बोअर करणे, त्याप्रमाणे नवे पिस्टन, क्रँक घासून घेणे, त्याला जुळणारी बेअरिंगे, वाल्व्ह आणि गाइड, तेलाचा पंप. तिसऱ्या रकान्यात अज्ञात: क्रँकमध्ये डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म तडा निघाला तर? हेड तडकलेले असले तर? मागे कोणीतरी आधीच शेवटच्या मापापर्यंत बोअर केलेले असले, आणि आता लायनर ठोकण्यावाचून गत्यंतर नसले तर? पहिल्या दोन रकान्यांची बेरीज शंभर रुपये झाली, तर तिसऱ्यासाठी निदान तीस रुपये वेगळे काढल्याखेरीज पान्याला हात लावू नये, असा आमचा सल्ला आहे. हा तिसरा रकाना बहुतेक जण कोराच ठेवतात. अज्ञाताला शून्य लिहिणे ही आपण स्वतःशीच केलेली लबाडी होय.

खर्चाइतकाच क्रमही महत्त्वाचा. उत्साहाच्या भरात लोक आधी पिस्टन मागवितात आणि मग सिलिंडर मोजतात. पिस्टन सात समुद्र ओलांडून येतात आणि मापाला बसत नाहीत. योग्य क्रम असा: आधी मोजावे, मग कोणते मोठे माप मिळते ते पाहून पिस्टन मागवावेत, पिस्टन हाती आल्यावर त्यांच्या मापाला सिलिंडर बोअर करावा. क्रँक आणि बेअरिंगांचेही तसेच. या जातीच्या गाड्यांचे भाग इंग्लंडमध्ये आजही नव्याने तयार होतात. परंतु भागाची किंमत, जहाजाचे किंवा विमानाचे भाडे आणि सीमाशुल्क हे तिन्ही आकडे मिळून खरी किंमत होते. शिवाय काळ बदलल्याने काही खर्च नव्याने उत्पन्न झाले आहेत. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते फार चांगले झाले. मात्र जुन्या इंजिनातील वाल्व्हच्या बैठकीला त्या शिशाचा आधार असे. म्हणून हेड उघडलेच आहे तर कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घेणे हिताचे. आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. तेव्हा त्याही बदलणे आले.

येथे कोणी सुचवील, एवढा खटाटोप कशाला? दुसऱ्या एखाद्या गाडीचे चालू इंजिन स्वस्तात आणून बसवावे, गाडी धावली म्हणजे झाले. आपल्याकडे किती तरी जुन्या गाड्यांच्या पोटात ॲम्बेसेडरची इंजिने गेली ती याच विचाराने. या ठिकाणी तत्त्वज्ञानातील एक पुरातन कोडे आठवते. प्लुटार्कने नोंदविले आहे, की थीसियसचे जहाज अथेन्सवासीयांनी जपून ठेवले होते. फळी कुजली की नवी बसवीत. सर्व फळ्या बदलल्यावर ते तेच जहाज राहिले काय, यावर विद्वानांत वाद होई. आपल्या केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नियम केले, तेव्हा त्यांनाही याच कोड्याला हात घालावा लागला. 'व्हिंटेज' म्हणून नोंद हवी असेल तर गाडी मूळ स्वरूपात असावी, तिची चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत फेरबदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, अशी अट त्यांनी घातली. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये आणि पुनर्नोंदणीस पाच हजार, आणि अशा गाडीचा धंद्यासाठी वापर नाही. झिजलेली रिंग बदलणे आणि पोटच बदलणे यांतला फरक कायद्यालाही दिसतो. आमच्या मते वस्तूची ओळख तिच्या रचनेत आणि अखंड चालत आलेल्या सांभाळात असते. फळी बदलणाऱ्याने जहाज जपले. जहाजाच्या जागी होडी ठेवून तेच नाव देणाऱ्याने मात्र जपणुकीचा देखावा केला. वडिलांची आठवण म्हणून जर हा खर्च असेल, तर स्वस्त इंजिनाने तो हेतूच नाहीसा होतो. मग त्यापेक्षा बहिणीचे म्हणणे अधिक सरळ.

आता त्या तिघा भावंडांकडे परत येऊ. ॲरिस्टॉटलने औदार्य हा गुण कंजूषपणा आणि उधळेपणा यांच्या मध्ये ठेवला आहे. हौसेवर खर्च करणे त्याने वर्ज्य मानले नाही, आम्हीही मानीत नाही. त्या खर्चातून कोणा लेथवाल्याची चूल पेटते, मरू घातलेले कसब जिवंत राहते, हे खरे आहे. परंतु या सबबीने भागणार नाही. उदारता ही स्वतःच्या पैशाने करावयाची असते, आणि येथे पैसा तिघांचा आहे. थोरल्याची आठवण कितीही खरी असली तरी तिची किंमत पुतणीच्या शिक्षणातून वसूल करण्याचा अधिकार त्याला नाही. उलटपक्षी, धाकट्याने आणि बहिणीने 'चार आण्यांची कोंबडी' म्हणून त्याची थट्टा करणे हाही न्याय नव्हे. प्रेमापोटी केलेल्या खर्चाला बाजारभावाची फूटपट्टी लावली, तर आईवडिलांच्या थडग्यावरचा दगडसुद्धा उधळेपणा ठरेल.

म्हणून आमचा निवाडा असा. तिघांच्या संमतीने सामाईक पैशातून फक्त तपासणी आणि, अवश्य वाटल्यास, उघडून मोजण्यापर्यंतचे काम करावे. त्या टप्प्यावर थांबावे. आकडे कागदावर लिहून तिघांनी, आणि ज्यांच्या संसारावर त्यांचा भार पडणार त्या पतिपत्नींनीही, एकत्र बसून मोठ्याने वाचावेत. मुलीच्या प्रवेशाची रक्कम त्यापूर्वीच बाजूला निघालेली असावी. यापुढचा खर्च करावयाचा तर थोरल्याने तो स्वतःच्या वाट्यातून करावा आणि गाडीतील इतरांचा हिस्सा रास्त किमतीने घ्यावा. आणि मुख्य म्हणजे, कोणत्या आकड्याला थांबावयाचे तो आकडा उघडण्यापूर्वीच लिहून ठेवावा. एकदा इंजिन सुटे झाले की माणसाचा निर्णय स्वतंत्र राहत नाही. "एवढे घातले, आता थोडक्यासाठी कशाला सोडावे?" हा विचार त्याला पुढे ओढीत नेतो. गेलेला पैसा पुढच्या पैशाला हाक मारीत असतो. ती हाक ऐकू येण्यापूर्वी लिहिलेला आकडाच त्या वेळी उपयोगी पडतो.

मर्यादेपलीकडे खर्च जात असेल तर? तर इंजिन स्वच्छ करून, तेल लावून, पुन्हा जुळवून ठेवावे. उघडे पडलेले सिलिंडर एका पावसाळ्यात गंजतात; आणि खोक्यांत भरलेले सुटे भाग दोन वर्षांनी कोणते कोठले हे उघडणाऱ्यालाही आठवत नाही. अर्धवट उघडून टाकलेले इंजिन हे आजाऱ्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर सोडून जाण्यासारखे आहे. विकावयाचे ठरल्यास मोजमापांचा कागद गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. जाड तेल ओतून धूर आणि आवाज तात्पुरता दाबावयाचा आणि गाडी खपवावयाची, ही युक्ती बाजारात सर्वांना माहीत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाला विकली जाते खरी, पण ती रक्कम दुसऱ्याच्या अज्ञानातून आलेली असते.

वाचकहो, तुमच्यापैकी फार थोड्यांच्या दारी एमजी टीसी उभी असेल. परंतु घर बांधण्याचे, मुलीच्या लग्नाचे, शेतात विहीर खणण्याचे बेत कोणाच्या घरी होत नाहीत? विहिरीचेही इंजिनासारखेच आहे. पाणी किती खोल आहे ते खणल्याशिवाय कळत नाही. तेथेही पहिले दोन रकाने भरले जातात आणि तिसरा कोरा राहतो. नवरा खरा आकडा बायकोला सांगत नाही, मुलगा बापाला सांगत नाही, आणि कर्जाचा हप्ता दारात आल्यावर सर्वांना एकदमच कळते. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्च मोजणाऱ्या माणसाचा प्रभूने दिलेला दाखला आपण चर्चमध्ये ऐकतो. त्यात पैशाच्या तोट्याहूनही पाया घालून पुढे काही न जमल्याच्या हशाची गोष्ट आहे. आम्हाला त्या दाखल्यात 'बसून' हा शब्द फार मोलाचा वाटतो. घाईत उभ्याउभ्या काढलेला अंदाज आपल्या इच्छेचा असतो. बसून, चार माणसांत काढलेला अंदाज वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो.

अंदाज चुकणार नाही असे कोणी म्हणत नाही. कितीही काळजी घेतली तरी तडा तेथेच निघेल जेथे आपण पाहिले नव्हते. परंतु चुकलेला अंदाज आणि लपविलेला अंदाज यांत मोठे अंतर आहे. पहिल्याने पैसा जातो, दुसऱ्याने घरातला विश्वास जातो. आणि विश्वासाचे सुटे भाग कोठूनही मागविता येत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या घरी एखाद्या मोठ्या खर्चाचा बेत निघेल, तेव्हा कागद घ्या, तीन रकाने आखा, थांबण्याचा आकडा सर्वांत वर लिहा, आणि तो कागद जेवणाच्या वेळी सर्वांसमोर ठेवा. मूठ उघडल्यावर आत सव्वा लाख निघणार नाहीत कदाचित. पण जे काही निघेल ते सर्वांनी एकाच वेळी पाहिलेले असेल.